क्विलिंगची सुई घरीच तयार होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उन्हाळी सुट्टीतील छंदांविषयी आलेल्या लेखात कागदी क्विलिंगचा, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून त्यांपासून फुले, झुमके, नक्षी करण्याच्या कलेचा, परिचय चांगला करून दिला आहे. मात्र ‘सुरुवातीला तयार किट विकत घ्यावे’ हा त्यातील सल्ला वाचून हे पत्र लिहावेसे वाटले. कार्यानुभव हा विषय शिकवताना मी वर्षानुवर्षे पाहिले, की किटची किंमत ऐकूनच काही मुली मागे सरत आणि ज्या ते आणत त्यांच्या डब्यातील निम्मी साधने वर्षअखेरीस कोरीच राहिलेली असत. वास्तविक या कलेला मुख्यतः लागते ती कागदाची पट्टी अडकवून फिरवता येईल अशी, टोकाला खाच असलेली एक काडी.

ही काडी गोधडी शिवण्याच्या लांबट नेढ्याच्या सुईपासून उत्तम होते. सुई कापडात धरून, तार तोडण्याच्या पकडीने नेढ्याच्या माथ्यावरची कमान तेवढी कापली, की दोन बारीक दाते उरतात आणि त्यांच्यामधील फटीत पट्टी नेमकी बसते. कापलेला तुकडा जोरात उडतो, म्हणून हे काम मोठ्या माणसानेच आणि डोळ्यांवर चष्मा ठेवून करावे. दात्यांची धार काचपेपरवर घासून घालवावी, नाहीतर पट्टी फाटते. सुईचे अणकुचीदार टोक रिकाम्या स्केचपेनच्या नळीत खोचून एम-सीलने पक्के करावे व रात्रभर वाळू द्यावे. मूठही मिळते आणि टोचण्याची भीतीही उरत नाही. बाजारातील पुष्कळशा स्वस्त साधनांची खाच जाड असल्यामुळे गुंडाळीच्या मध्यभागी पट्टीला ठळक मोड पडतो. सुईची खाच बारीक असल्याने तो मोड जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हे घरगुती साधन मला केवळ स्वस्त नव्हे तर अधिक चांगले वाटते.

लहान मुलांच्या हाती सुई द्यायची नसेल, तर संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचे धातूचे टोक काढून, नळी पुसून, तिला ब्लेडने पाऊण सेंटीमीटरची उभी चीर द्यावी. गुंडाळीला मध्ये मोठे भोक पडते हे खरे, पण फुलांच्या पाकळ्यांना ते चालते, आणि चीर सैल झाली की तेवढा भाग कापून पुन्हा नवी देता येते. जळून गेलेल्या उदबत्तीची बांबूची काडीही चालते. बांबू तंतूंच्या दिशेने सरळ चिरतो, त्यामुळे खाच वाकडी जात नाही. पट्टीचे टोक नुसते बोटाने दाबून ती गुंडाळण्याची सवय झाल्यावर मात्र खाचही लागत नाही, खराट्याचा एक हीर पुरतो.

उरलेल्या साधनांसाठी तर काही बनवावेही लागत नाही. सर्व गुंडाळ्या एकाच मापाच्या सैल व्हाव्यात म्हणून बाटल्यांची झाकणे आणि लहान बाळांच्या बांगड्या, झुमक्याला घुमटाचा आकार देण्यासाठी गोटी, वेलबुट्टीच्या जाळीसाठी रुंद दातांचा कंगवा, टाचण्या खोचण्यासाठी प्लास्टिकचा कागद लावलेला थर्माकोलचा तुकडा. फेव्हिकॉल मेंदीच्या रिकाम्या कोनात भरावा, म्हणजे थेंब बारीक पडतो. काम संपल्यावर कोनाच्या टोकात टाचणी खोचायला विसरू नये.

वाचलेला पैसा कागदावर खर्च करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. झेरॉक्सचा साधा कागद पातळ पडतो आणि गुंडाळी दबते. घोटीव कागद एकाच बाजूने रंगीत असल्याने त्याची पांढरी बाजू डोळ्यांत येते. साधारण 100 ते 120 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला कागद घेऊन त्याच्या 5 मिलिमीटरच्या पट्ट्या स्टीलच्या फूटपट्टीच्या कडेला कटर धरून कापाव्यात. ए-फोर कागदाच्या 210 मिलिमीटर रुंदीतून अशा 42 पट्ट्या निघतात. कापण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वळतो, त्या दिशेला पट्टीची लांबी ठेवली तर गुंडाळी गोल व गुळगुळीत होते. उलट कापल्यास पट्टी अडते आणि मुलींना आपलाच हात बसत नाही असे वाटू लागते. मुलांची इतकी निराशा दुसऱ्या कोणत्याही चुकीने झालेली मी पाहिली नाही, आणि लेखात नेमका याचाच उल्लेख नव्हता.

या मालिकेच्या पुढील भागात किटविषयीच्या सल्ल्याऐवजी सुईचे नेढे कुठे कापावे याची एक छोटी आकृती छापावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका, मिरज