संज्या, डेमलर बघून आलो

कॉव्हेंट्री
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

पाकीट जाड लागलं असेल हाताला. आत सात फोटो आहेत, ते मागाहून बघ. आणि वहिनींना एवढ्यात काही बोलू नकोस. त्या लगेच आमच्या घरी फोन लावतील आणि इथे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

काल एक गाडी बघितली. डेमलर एसपी 250, सन 1960. इथून पाऊण तासावर एका शेतावर, गवताच्या गठ्ठ्यांमागे, ताडपत्रीखाली. मालक ऐंशीच्या पुढचे आजोबा. 1986 साली 'पुढच्या उन्हाळ्यात करू' म्हणून त्यांनी ती खोलली, आणि तो उन्हाळा काही उगवला नाही. हसू नकोस, आपल्या लॅम्ब्रेटाचं साईड पॅनल अजून तुझ्या माळ्यावर पडलंय.

दिसायला सुंदर म्हणशील तर नाही. शिंगाळ्या माशासारखं रुंद, ओठ काढलेलं तोंड आणि मागे अमेरिकन थाटाचे पंख. डेमलर म्हणजे राजेरजवाड्यांच्या लांबलचक गाड्या करणारी कंपनी. तिने अमेरिकेत खपेल म्हणून ही काढली. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'डार्ट' नावाने मांडली, तर क्रायस्लरवाले म्हणाले, ते नाव आमच्या डॉजचं. बारशालाच नाव बदललं. 1964 पर्यंत सगळ्या मिळून 2,654 झाल्या, बस.

पण बॉनेट उघडलं आणि मी गप्पच झालो. अडीच लिटरचा, आठ सिलिंडरचा व्ही-8, आणि तो कुणाचा? एडवर्ड टर्नरचा! ट्रायम्फच्या स्पीड ट्विन मोटारसायकलचा बाप तो. मोटारसायकलवाल्याने व्ही-8 केला की कसा होईल, तसाच हा आहे: छोटा, आटोपशीर, अर्धगोल कम्बशन चेंबर, बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमची सिलिंडर हेडं. बोअर 76.2 मिमी, स्ट्रोक 69.85 मिमी, ताकद 140 घोडे. लंडनच्या पोलिसांनी पाठलागासाठी काळ्या रंगात याच गाड्या ठेवल्या होत्या. नवीन असताना आवाज कसा असेल, ते आजोबांनी तोंडाने काढून दाखवलं. बराच वेळ काढत होते.

आता तुझ्या कामाचं. बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे लोकांना वाटतं, गंजाची भानगड नाही. अरे, खालची चेसिस लोखंडाचीच ना! ती जवळजवळ ट्रायम्फ टीआर 3 या मोटारीवरून उचललेली. आडव्या पट्ट्यांना स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. वरून फायबर ठणठणीत, नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. बॉडी उचलल्याशिवाय खरं काय ते कळणार नाही, आणि विकत घेतल्याशिवाय ते आजोबा बॉडी उचलू देणार नाहीत. पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल!

शिवाय ही सुरुवातीच्या खेपेतली. तेव्हाची बॉडी इतकी लवचीक होती, की जोरात वळण घेतलं तर दारं आपसूक उघडायची. 1960 मध्ये जॅग्वारने डेमलर विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आधी हेच दुरुस्त केलं. (जॅग्वार पुढे 2008 मध्ये टाटांकडे आली, तेव्हा ही नात्याने आपली लांबची आत्याच. मनाची समजूत घालायला एवढं पुरतं.)

कार्बोरेटर बिस्किटांच्या डब्यात आहेत. डावीकडच्या आसनात उंदरांचा संसार. ग्रिल आहे, पण त्यावरचा व्ही गायब. कागदपत्रं मात्र स्वच्छ. मागतात नऊ हजार पौंड, म्हणजे आपले दहा लाखांच्या आसपास, आणि तेवढेच पुन्हा लागतील हे मलाही कळतं. निदान.

फोटो क्रमांक चार आणि पाच नीट बघ. उजवं हेड त्यांनी 86 सालीच उतरवून ठेवलं होतं. पाण्याच्या वाटांच्या कडेने अॅल्युमिनियम खाल्लं गेलंय, दोन ठिकाणी तर गॅस्केट जिथे बसतं तिथपर्यंत. वेल्डिंगने भरून पृष्ठभाग घासून घेता येईल, की असं भरलेलं तापलं की परत चिरतं? उद्यमनगरात तुझ्याकडे एवढी इंजिनं येतात, तुझ्याएवढं हे कुणाला कळणार? इथला माणूस फोटो न बघताच 'नवीन शोधा' म्हणाला. डावं हेड उतरतच नाही, स्टडांवर घट्ट बसलंय. तुझी युक्ती आठवली, डिझेल ओतून आठवडाभर सोडायची. पण दुसऱ्याच्या गाडीत कसं ओतू?

आठवतं, दसऱ्याला महाराजांची मेबॅक मोटार यायची तेव्हा आपण गर्दीत वाकून तिच्या खाली बघायचो? लोक महाराजांना बघत होते आणि तू एक्झॉस्टला कुठे जोड आहे ते. काल ताडपत्रीखाली वाकलो तेव्हा तू शेजारी हवा होतास, लेका.

आजोबा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत थांबतो म्हणाले. मे महिन्यात कोल्हापूरला येतोच आहे. उतरवलेलं हेड उचलून बघितलं, बॅगेत मावेल. आईच्या लोणच्याला परतीच्या बॅगेत जागा राहील की नाही, तेवढंच बघायचं.

फोटो बघून लगेच लिही. 'नको' म्हणायचं असेल तर मात्र फोनच कर.

तुझा,
बाळ्या