माळवदावर माती टाकण्याआधी जुनी उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सरत आला की सोलापुरातल्या कसबा, बाळीवेस, शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यांवर आणि मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या गावांत माळवदावर, म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर माती घातलेल्या सपाट छतावर, पांढरी माती चढते. गळतीवर हा पिढीजात उपाय, पण त्यातला निम्मा भाग लोक विसरले आहेत. नवी माती टाकायची, तर आधी तेवढी जुनी खरवडायची असते.

हिशेब साधा आहे. एक इंच मातीचे वजन चौरस फुटाला साधारण चार किलो, आणि भिजली की त्याहून जास्त. दहा बाय बाराच्या खोलीवर इंचभर थर म्हणजे पावणेपाच क्विंटलचा बोजा. असे थर साचत जाऊन फूट-दोन फूट जाडीची झालेली माळवदे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसांच्या अंगावर आली. पाच-सहा इंच माती पुरेशी असते.

माती उतरवताना मध्यभागी ढीग करू नये, घमेल्याने थेट खाली पाठवावी. त्याआधी शंका असलेल्या तुळईखाली, म्हणजे कड्या पेलणाऱ्या जाड लाकडाखाली, टेकू द्यावा. किलचणीवरचा, म्हणजे कड्यांवर अंथरलेल्या लाकडी फळकुटांवरचा, पाला किंवा तुराट्यांचा थर जिथे काळा पडून कुबट वास येतो, तिथेच गळती मुरलेली असते. त्याखालच्या कड्या तपासाव्यात.

कडी मधोमध क्वचितच कुजते. कुजते ते भिंतीत गेलेले टोक. तिथे ओल येते आणि वारा लागत नाही. हातोडीने ठोकून बघा: चांगले लाकूड खणखणते, पोकळ झालेले भद्द वाजते. स्क्रू ड्रायव्हर अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक गेले म्हणून समजा. अख्खी कडी बदलायची गरज नसते. भिंतीलगत, कड्यांच्या खालून लोखंडी चॅनेल किंवा नवी तुळई घालून भार तिच्यावर घ्यावा. मात्र तिला स्वतःचे खांब हवेत, भिंतीच्या दगडमातीत नुसती खोचून चालत नाही. उरलेल्या लाकडाला वाळवी आणि बुरशीसाठी दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन-तीन हात द्यावेत. लाकूड कोरडे हवे. हे औषध पाण्याने धुपते, म्हणून पावसात उघड्या राहणाऱ्या टोकांवर त्याचा भरवसा धरू नये.

आता माती. काळी माती कधीही नको, वाळली की भेगाळते. पांढरी खारी माती भिजल्यावर तिचे बारीक कण सुटून छिद्रे बुजवतात, म्हणून ती पाणी अडवते. खालच्या थरासाठी मातीत गव्हाचा भुसा आणि शेण कालवून आठवडाभर मुरू द्यावे. मग भाकरीएवढी वडी थापून दोन दिवस वाळवा. तडकली तर भुसा वाढवा, हाताने चुरा झाला तर माती चिकट नाही. थर दोन-दोन इंचांचे घालून थापीसारख्या लाकडी चोपण्याने बडवावेत. दहा फुटांना तीन इंच उतार पन्हळीकडे ठेवावा. पन्हळ भिंतीबाहेर किमान दीड फूट यायलाच हवी. आखूड पन्हळीचे पाणी भिंतीच्या मातीत उतरते, आणि छत नीट असूनही घर खचते. साण्याचा, म्हणजे छतातल्या उजेडाच्या झरोक्याचा, काठ चारेक इंच उंच घ्यावा.

सध्याचा लाडका उपाय म्हणजे माळवदावर दोन इंच काँक्रीट. हे तर दुखण्यापेक्षा औषध जालीम. चौरस फुटाला अकरा-बारा किलो भार वाढतोच, शिवाय खालचे लाकूड ऋतूप्रमाणे हलते आणि वरचा कडक थर तडकतो. भेगेतून शिरलेल्या पाण्याला वाळायला वाट राहत नाही, कड्या आतल्या आत कुजतात आणि वरून काही दिसत नाही. मातीखाली प्लास्टिक अंथरल्यानेही तेच होते. ऐन पावसात ताडपत्री टाकावी, पण उघडीप मिळताच काढावी. माळवदावर पाचशे लिटरची टाकी ठेवणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की ती भरली की अर्धा टन होते.

हे काम मेच्या मध्यापर्यंत संपले तर माती कडक वाळते. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुन्हा हस्त नक्षत्राच्या तोंडाशी वर चढून पाहावे, कारण आपल्याकडे खरा जोर परतीच्या पावसाचा असतो. पिंपळाचे रोप दिसले तर मोडू नये, भोवतीची माती काढून मुळासकट उपटावे. आतून डाग भिंतीलगत असेल तर आधी पन्हळ आणि कठड्याचा सांधा बघा. खोलीच्या मध्यावर असेल तर वरच्या मातीत खड्डा पडला आहे, तेवढाच भाग उकरून भरला तरी चालते.

– बांधकाम क्षेत्रातील एक वाचक, उत्तर कसबा, सोलापूर