तोरणमाळला निघण्याआधी घरचे पाने काढा

सर्व सभासदांना सूचना,

तोरणमाळच्या घाटात गॅरेज शोधत बसायची वेळ येऊ नये, म्हणून रविवारआधी प्रत्येकाने आपली मोटरसायकल घरीच तपासावी. १०, १२, १४, १७ मिमीचे रिंग पाने, प्लग पाना, पक्कड आणि दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर घरात हवेतच. स्वस्तातले पाने कृपया घेऊ नका, नटाचे कोपरे गोल होतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष चेनकडे होतं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) दोन्ही झिजतात. ब्रश आणि चेन क्लीनरने साफ करा, पुसून मग तेल द्या. पेट्रोल नको, चेनच्या ओ-रिंगचं (कड्यांमधल्या रबरी सीलचं) रबर खराब होतं. इंजिन बंद ठेवूनच हे करा, बोटं महत्त्वाची. चेनचा ढिलेपणा पट्टीने मोजा. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी चालतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. चेन ताणताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा.

हवेचा गेज नक्की घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. उन्हात तापलेला टायर आकडा जास्तच दाखवतो.

मागच्या चाकाच्या नटासाठी टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच नट आवळता येणारा पाना) ज्यांच्याकडे नाही, त्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.