मा. कोळसामंत्री, माझ्या वयातून फौजेतली वर्षे वजा करा

मा. कोळसामंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला हवालदार. वडील कोळसा खाणीत लोडर. घरची साडेचार एकर कोरडवाहू खुल्या खाणीच्या विस्तारात गेली. दोन एकरांमागे एक नोकरी, या हिशेबाने आम्हाला दोन. एक धाकट्या भावाला लागली. दुसरीसाठी माझे नाव होते. गेल्या आठवड्यात कोळसा कंपनीचे पत्र आले : वयोमर्यादा ओलांडल्याने प्रकरण बंद.

कार्यालयात गेलो. बाबूने डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सेवेची नोंदवही, उघडलेसुद्धा नाही. आधारकार्डावरचे जन्मसाल कॅल्क्युलेटरवर दाबले, वजाबाकी केली आणि तो माझ्याकडे फिरवून धरला. "पाहा तुम्हीच. वय नाही बसत जी." याच कंपनीच्या साहेबांनी गावच्या सभेत, मारुतीच्या पारावर माईक हातात घेऊन सांगितले होते की फौजीभाऊंची फाईल सगळ्यांत आधी निघेल. मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

कोळसा क्षेत्र संपादनाचा कायदा 1957 चा. त्याच्या कलम 4 ची, म्हणजे संपादनाच्या पहिल्या टप्प्याची, अधिसूचना निघाली तेव्हा माझे वय बसत होते. मग कलम 7, मग कलम 9, मग 11, मग निवडणूक, मग साहेबांची बदली. फाईल म्हातारी झाली आणि बाद मला केले. माझ्या जागी घरातल्या दुसऱ्याचे नाव घ्या म्हटले तर ती मुदतही संपलेली. मुदत चालू होती तेव्हा मी काश्मीरमध्ये होतो, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवलेली नोटीस तिथून वाचता येत नाही.

आता तुमच्याच सरकारचा नियम सांगतो. केंद्राच्या नोकरभरतीत माजी सैनिकाच्या वयातून सेवेची वर्षे वजा होतात, वर आणखी 3 वर्षांची सूट. सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये 14.5 टक्के आणि गट ड मध्ये 24.5 टक्के जागा राखीव, अपंग जवान आणि शहिदांचे वारस धरून. कागदावर. आमच्या खाणीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पोरांत एक तरी डिस्चार्ज बुकवाला दाखवा. कंपनीचे म्हणणे, ही भरती नाही, जमिनीच्या बदल्यातली नोकरी आहे, म्हणून सूट लागू नाही. म्हणजे जमीन न देता नुसता अर्ज टाकला असता तर मी तरुण ठरलो असतो!

बाबांच्या वेळीही कागदच आडवा आला. 1973 ला खाणी सरकारच्या झाल्या तेव्हा त्यांना वाटले होते, मालक सरकार आहे, आता भीती नाही. जमिनीखाली टब भरून उभा जन्म गेला. निवृत्तीनंतरही सकाळची पहिली थुंकी काळीच यायची. आडवे झाले की दम लागे, म्हणून खाटेवर बसून, गुडघ्यांवर उशी घेऊन रात्र काढत. न्युमोकोनिओसिस, म्हणजे खाणीतल्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, हा खाण कायद्याखाली अधिसूचित आहे. डॉक्टरने तो लिहिला तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. दाखल्यावर आला दमा. दम्याला काय, कुणालाही होतो.

खाणीत पाय टाकू नको, हे त्यांनीच बजावले. म्हणून पहाटे डंपरच्या रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधून धावलो, भरतीच्या रांगेत उभा राहिलो, रेजिमेंटच्या सागर (मध्य प्रदेश) इथल्या प्रशिक्षण सेंटरला रंगरूट म्हणून उतरलो. आणि आज त्याच खाणीत नोकरी मागतो आहे. हसा खुशाल.

आमच्या कोळशावर चंद्रपूरचे 2920 मेगावॉटचे वीज केंद्र चालते. 2009 ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत चंद्रपूरला वरचे स्थान दिले, तो मान आम्ही छातीत भरून घेतला. विसापूरला 2019 ला सैनिकी शाळा आली. इमारत देखणी आहे, उद्घाटनाचे फोटोही देखणे. पण साध्या शिपायाच्या भरतीत 2022 पासून अग्निवीर : 4 वर्षे, शंभरातले फार तर 25 ठेवायचे. उरलेले 75 गावी येतील तेव्हा वयात नक्की बसतील, फक्त तोवर जमीन उरली नसेल. 15 ऑगस्टला आम्हाला शाल-श्रीफळ देता. नारळ फोडून खाल्ला की संपले. शाल विदर्भाच्या उन्हात कुठे पांघरायची? कुठल्या मंत्र्याचा मुलगा शिपाई म्हणून रांगेत उभा राहिला, कुठल्या खासदाराचा बाप लोडर होता, तेवढे एकदा जाहीर करून टाका.

मागणी एका ओळीची आहे. प्रकल्पग्रस्त सैनिकाचे वय कलम 4 च्या तारखेला धरा, नाहीतर सेवेची वर्षे त्यातून वजा करा. त्यासाठी समिती नको, अभ्यासगट नको, तुमची एक सही पुरे.

मोबदल्याचा धनादेश मी उचललेला नाही. शेतात या हंगामाचीही कपाशी लावली आहे. ताब्यासाठी पोकलेन पाठवाल तेव्हा चालकाच्या हाती माझ्या नोकरीचे पत्र द्या. त्याशिवाय ते बांधावरूनच परत जाईल.

आपला,
एक माजी हवालदार व प्रकल्पग्रस्त