तोड झाली, पैसे 2028 ला

ला मोर्रा, पिमोंते, इटली
20 ऑक्टोबर 2024

ती. अण्णा व सौ. आईस,
सा. न.

अण्णा, फोनवर तुम्ही विचारलंत, "तोड झाली, मग तिकडच्या द्राक्षवाल्यांचे पैसे कधी?" तेवढ्यात रेंज गेली. काल तोडलेल्या नेब्बिओलो द्राक्षांची लाल वाईन 'बारोलो' या इथल्या नावाने 1 जानेवारी 2028 च्या आत विकताच येत नाही. कायदाच तसा आहे: तोडीच्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडात. बाटलीवर 'रिझेर्वा' लिहायचं तर 62 महिने. आणि आपण, मणी तडकायच्या धाकाने व्यापारी देईल तो भाव घेतो. मागचा चेक वटला का?

मग मधली वर्षं खातात काय? दोल्चेत्तो नावाची दुसरी द्राक्षं आहेत, त्यांची वाईन पुढच्याच वर्षी विकली जाते. शिवाय उत्तरेच्या उतारावर हेझलनट.

नेब्बिओलोचा घड बघून तुम्ही हसाल. मणी बारके, आत बिया, मणी फुगवायचं जीए वगैरे काही नाही. एकरी सव्वातीन टनांच्या वर माल धरायचा नाही. म्हणून जुलैत मालकांनी चांगले हिरवे घड कापून वेलीच्या पायाशी टाकायला लावले, माझा हात धजावेना. यंदा पाऊस फार, डाऊनी, म्हणजे आपला केवडा, इथेही आली. औषध ओळखीचंच: मोरचूद-चुन्याचं बोर्डो.

मालकांच्या वडिलांना सगळे नोन्नो म्हणतात, म्हणजे आजोबा. तळघरात ओकची पिंपं, एकेक अडीच हजार लिटरचं. लाकडातून वाईन हळूहळू उडते, वर पोकळी राहिली की हवा लागून बिघडते. म्हणून नोन्नो पिंप काठोकाठ भरतात, बुचाभोवतीचा ओघळ अंगठ्याने पुसतात आणि अंगठा चाटतात. बोलत काही नाहीत.

परवा त्यांनी पिंपातली दोन वर्षांची चाखायला दिली. कच्च्या जांभळासारखी तुरट, जीभ टाळूला चिकटली. मग 2010 ची बाटली काढली. रंग उतरून विटेवर आलेला, वास सुकल्या गुलाबाचा आणि मागून चक्क डांबराचा. तुरटपणा होता, पण माणसाळलेला. (हा भाग आजीला वाचून दाखवू नका, तिच्या गळ्यात माळ आहे.)

बागेची गोडी (फळाची) छाटणी उरकली का? काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावताना हातमोजे घाला, मागच्या वेळसारखं नको.

तुमचा,
बंडू