बाग दुपारीही उघडी हवी आणि तिच्यात सावली हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यावं, याची यादी आपल्या पुरवणीत वाचली. लोणावळा, मुळशी, पवना धरण, भीमाशंकर. ठिकाणं चांगलीच आहेत, पण ती गाडी असणाऱ्यांची आणि अख्खा दिवस हाताशी असणाऱ्यांची. आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या निगडी-आकुर्डीकडे बसच्या एका तिकिटात किंवा पायी जाता येतील अशा बागा आणि टेकड्या आहेत, त्यातल्या एकीचंही नाव यादीत नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी यमुनानगरला पोळी-भाजीची खाणावळ चालवते. डबे कंपन्यांत जातात, आकुर्डीच्या कॉलेजांतल्या मुलांकडे जातात. पहाटे कणीक भिजवली की दुपारी शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत मान वर करायला मिळत नाही आणि पाचला पुन्हा संध्याकाळच्या भाज्या चिरायला बसायचं. माझ्या वाट्याला मोकळी येते ती दुपार. बागांकडे मी बघते ती या दुपारच्या बाजूने. सकाळी चालायला जाणाऱ्यांनी याच बागांची यादी केली तर ती कदाचित वेगळी होईल.

माझ्या यादीत पहिली दुर्गा टेकडी. लग्न होऊन १९८६ साली मी इथे आले. हा भाग वसवणाऱ्या नवनगर विकास प्राधिकरणाची (वस्तीलाही आम्ही प्राधिकरणच म्हणतो) स्थापना १९७२ सालची आणि महापालिका झाली १९८२ साली, म्हणजे सगळंच तेव्हा नवं होतं. आखलेले रस्ते, मोकळे प्लॉट आणि मधे मुरमाचं उघडं माळरान. वारा सुटला की वाळत घातलेल्या पापडांवर लाल धूळ बसायची. आज त्याच भागातल्या या टेकडीवर भर उन्हात गेलं तरी पायवाटेवर ऊन ठिपक्या-ठिपक्यांनीच पडतं. हे आपोआप झालेलं नाही. मुरमात खड्डे घेऊन, वर माती घालून, पाणी देऊन वाढवलेली ही झाडं आहेत. ज्या माळ्यांनी आणि मजुरांनी हे केलं त्यांची नावं कुठल्या फलकावर वाचलेली मला आठवत नाहीत. ती लावली जावीत असं मनापासून वाटतं.

चढ अंगावर येणारा नाही. गुडघे दुखणाऱ्या बायकाही थांबत-थांबत वर पोचतात. कुणी मुठीत आणलेली ज्वारी पाखरांसाठी टाकतं. सातभाईंचा थवा कलकलाट करत झुडपातून झुडपात शिरतो, आणि तांबट दिसला नाही तरी त्याचं टुकटुक चालू असतं. वरून एका बाजूला कारखान्यांची छपरं दिसतात, तर दुसरीकडे देहूरोडची लष्करी हद्द आणि घोराडेश्वरचा डोंगर. टेकडीजवळच सेक्टर २३ चं जलशुद्धीकरण केंद्र आहे. पवनेचं पाणी रावेतहून उचलून इथे आणतात आणि शुद्ध करून शहराला पुरवतात. मुलांना टेकडीवर नेलं तर हेही जरूर सांगावं. आपण रोज पितो ते पाणी किती चढून येतं हे त्यांना कळायला हवं. शेजारीच अप्पूघर आहे. तिथे तिकीट काढून पाळण्यात बसायचं, मुलं खूश होतात, त्याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

दुसरं नाव सगळ्यांना माहीत असलेलं, भक्ती-शक्ती. शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प, १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ, ऐसपैस हिरवळ. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला आधी तिथेच नेतो आणि उर भरून येतो, हे खरंच आहे. मेट्रोचं काम पिंपरीहून या चौकापर्यंत चालू आहे, ते पूर्ण झालं की पुण्याच्या लोकांनाही इथे येणं सोपं होईल. त्यांनी यावं, पण संध्याकाळी पाचनंतर यावं. दुपारी तिथली फरशी तापलेल्या तव्यासारखी होते आणि हिरवळीवर टेकायला सावली पुरत नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघून याच चौकातून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला जाते. आम्ही पिठलं-भाकरी घेऊन रस्त्यावर उभ्या असतो, तेव्हा म्हाताऱ्या वारकरी बायका कुठे बसतात ते मी नेहमी बघते. बांधलेल्या ओट्यावर नाही, कडुनिंबाच्या नाहीतर वडाच्या बुंध्याशी बसतात. डोक्यावरची तुळस सावलीत उतरवून ठेवतात, मग स्वतः पाय पसरतात. बाग आखणाऱ्यांनी त्या एका दिवशी तिथे उभं राहून एवढं बघितलं तरी पुष्कळ आहे.

आता गणेश तलाव. आकुर्डी रेल्वे स्थानकाकडच्या बाजूला प्राधिकरणात हे छोटंसं तळं आहे आणि भोवती चालायची वाट आहे. पाण्यावरून येणारा वारा उन्हाळ्यातही सोसवतो. काठावर वंचक बगळा मान आखडून इतका निश्चल बसलेला असतो की चिखलाच्या रंगातून तो वेगळा काढायला वेळ लागतो. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. माझ्या नातीला मी तो पहिल्यांदा इथेच दाखवला. आता ती मला दाखवते.

चिंचवडला संभाजीनगरमधली बर्ड व्हॅली ही जुन्या दगडाच्या खाणीत केलेली बाग आहे. चहूबाजूंनी तासलेला काळा कातळ, मधे पाणी. खाण संपली की तिच्यात राडारोडा टाकून ती बुजवायची, हेच आपण सगळीकडे पाहतो. इथे तिचं तळं झालं ही या शहराने केलेली खरोखर चांगली गोष्ट आहे आणि तिचं कौतुक झालं पाहिजे. मुलांना न्यायचं तर चिंचवड स्टेशनजवळचं सायन्स पार्क त्याला जोडून घ्यावं. ते २०१३ पासून आहे आणि भर दुपारी छपराखाली वेळ घालवता येतो. पिंपरीत नेहरूनगरला गुलाब उद्यान आहे, थेरगावला पवनेच्या काठी बोट क्लब आहे. मला तिथे फारसं जाणं होत नाही, पण त्या भागातले लोक आवडीने जातात.

आणि घोराडेश्वर. ही काही बाग नव्हे, पण आमच्या भागातल्या कितीतरी जणांची सकाळ तिथे उगवते. पायऱ्या चढून गेलं की कातळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, त्यातल्या एकीत महादेवाची पिंड. बाहेर ऊन रणरणत असलं तरी लेण्यात जमीन गार लागते. चढणारी बरीच माणसं हातात पाण्याची बाटली किंवा कॅन घेऊन निघतात. ते पाणी प्यायला नसतं, वर लावलेल्या रोपांना घालायला असतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मनाने करतात. पावसाळा सरला की त्या डोंगरावर रोप जगवणं किती अवघड असतं हे ज्याने कॅन वाहिला त्यालाच कळतं.

एवढं सगळं असताना माझं म्हणणं काय, ते आता लिहिते.

दुपारी एक ते चार या वेळात या उपनगरात कोण मोकळं असतं, याचा विचार बागांच्या बाबतीत फारसा झालेला दिसत नाही. प्राधिकरणातल्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांची सकाळची कामं दुपारी संपतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात. मधल्या वेळात ओटास्कीमच्या वस्तीत घरी जाऊन परत यायचं, नाहीतर कुणाच्या तरी जिन्यात बसायचं. पहिल्या पाळीचे कामगार सुटतात ते दुपारीच. रात्रपाळीचे वॉचमन असतात, खोलीत चौघं राहतात म्हणून पुस्तक घेऊन बाहेर पडलेली मुलं असतात, घरोघर सामान पोचवणारी पोरं गाडीच्या सीटवरच आडवी झालेली असतात. या सगळ्यांना बाग हवी असते ती नेमकी त्याच वेळी, आणि नेमकं त्याच वेळी कितीतरी बागांच्या फाटकाला कुलूप असतं. सकाळी फिरणाऱ्यांची सोय झाली, संध्याकाळी खेळणाऱ्यांची झाली. दुपारच्या माणसाने कुंपणाबाहेरच्या कट्ट्यावर बसून आतली सावली बघायची, हे मला फार लागतं. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणारी एक बाई मधल्या वेळात बसस्टॉपवर डुलकी काढते. ती कुणाचं काय बिघडवते? तिला बागेत बाक मिळायला नको?

कुलूप लावण्याची कारणं मी ऐकलेली आहेत. झाडांना पाणी घालायचं असतं, झाडलोट करायची असते, टवाळ पोरं येऊन बसतात, जोडपी येतात. झाडलोट आणि पाणी बागेचा एकेक भाग दोरी लावून बंद ठेवूनही करता येतं. टवाळांबद्दल सांगायचं तर रिकाम्या बागेत त्यांचं फावतं. जिथे चार बायका भाजी निवडत बसल्या आहेत आणि म्हातारी माणसं पेपर वाचत आहेत, तिथे कुणी दंगा करायला धजत नाही. आणि जोडप्यांनी नीट बसावं एवढं सांगायला पहारेकरी असतोच.

दुसरी गोष्ट झाडांची. माझं माहेर खेड तालुक्यातलं. वडिलांनी बांधावर करंज लावले होते आणि कारण विचारलं की म्हणायचे, "चैतात ज्याला पानं असतात ते झाड बांधाला ठेवावं." हे मला बागांमध्ये फिरताना सारखं आठवतं. गिरिपुष्पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांचे तुरे येतात, डोळ्यांना सुख होतं, पण तेव्हा त्याच्यावर पान नसतं. गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण असतो. बहावा सोन्यासारखा फुलतो, पण सावली मागायची तर त्याच्याकडे नाही. करंजाला एप्रिलमध्ये चकाकती कोवळी पालवी गच्च भरलेली असते, कडुनिंबाची नवी पानं त्याआधीच आलेली असतात. वड, आंबा, जांभूळ तर आहेतच. फुलांची झाडं लावू नयेत असं मी म्हणत नाही. बाकांच्या मागे आणि खेळण्यांच्या वर मात्र एप्रिल-मेमध्ये पानं असणारंच झाड हवं. हल्ली नव्याने सजवलेल्या जागांमध्ये ओळीने पाम उभे केलेले दिसतात. फोटोत छान येतात, पण त्यांच्या खोडाएवढीच सावली पडते, त्यात एक माणूससुद्धा मावत नाही. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की पावसाचं पाणी मुळांशी जिरत नाही, झाड उभ्या-उभ्या खंगतं. निदान हातभर जागा तरी आळ्यासाठी सोडा.

प्राधिकरण वसलं तेव्हा सुरुवातीला लावलेली झाडं आता पन्नाशीला येऊन ठेपली आहेत. झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा राज्याचा १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानलं गेलं. आमच्या रस्त्यांवरची आणि बागांमधली कुठली झाडं या वयाची झाली, याची मोजणी प्रभागवार व्हावी आणि त्या झाडांवर तसा फलक लागावा. वय माहीत असलेल्या झाडावर कुऱ्हाड घालताना माणूस दोनदा विचार करतो. अशा मोजणीत शाळेतली मुलं आनंदाने येतील. माझी नात तर आत्ताच घराजवळच्या झाडांची नावं वहीत लिहून बसली आहे.

मागणी मोठी नाही आणि खर्चाचीही नाही. येत्या उन्हाळ्यात, निदान एप्रिल आणि मे असे दोन महिने, दर प्रभागातली दाट झाडीची एक बाग सकाळपासून रात्रीपर्यंत सलग उघडी ठेवून पाहावी. आत पिण्याच्या पाण्याचा नळ चालू असावा आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप नसावं. कुठली बाग उघडी आहे हे फाटकावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावं आणि आपल्या दैनिकानेही त्या बागांची नावं छापावीत. आमच्या भागातल्या बाईला कुणी विचारलं तर पहिली बाग कुठली उघडावी हे ती लगेच सांगेल, कारण कुठल्या बागेत दोन वाजता कुठल्या बाकावर सावली असते हे तिला कुंपणाबाहेरून बघून-बघून पाठ झालं आहे.

आपली विश्वासू,
एक खाणावळचालक
यमुनानगर, निगडी