माझा अंगठा बाटलीवर दाबून धरणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

नाव कुठेही लिहायचं नाही अशी तुम्ही तंबीच दिली आहे, म्हणून नुसतं मावशी. खरं तर तुम्ही माझ्या मैत्रिणीच्या मावशी, म्हणजे नात्याने माझ्या कोणीच नाही. फोनवर आभार मानायला लागले की "त्यात काय एवढं, ठेवते आता" म्हणून तुम्ही मोकळ्या होता. पत्र मधेच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

गुलाब-डाळिंबाचं आंबवलेलं सरबत जमलं, मावशी. नुसतं जमलं नाही, फसफसलं. झाकणाचा जेमतेम अर्धा आटा फिरवला तर आतून बारीक, लांबलचक 'स्सऽऽ' आला. फेस गळ्यापर्यंत चढला, क्षणभर थबकला आणि खाली बसला. ओट्यावर एक थेंब सांडला नाही. पेल्यात ओतल्यावर तळातून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येत राहिल्या, आणि नाकाशी आधी गुलाब आला, मग डाळिंब. तुम्ही म्हणाला होतात तसंच. आंबताना निघणारा वायू जाता जाता फुलाचा वासही उडवून नेतो, म्हणून मूठभर पाकळ्या मागे ठेवायच्या आणि बाटलीत भरायच्या आदल्या रात्री घालायच्या. हे मला आधी कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं.

'आधी' या विषयावर थोडं बोलून घेते. राग अजून गेलेला नाही, आणि तो गिळून पत्र लिहिलं तर ते खोटं होईल.

पैसे भरून मी असलीच पेयं शिकवणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाला बसले होते. शिकवणाऱ्या बाईंचा कॅमेरा सुंदर, ओटा सुंदर, पाकळ्या तर चित्रात असाव्यात तशा. त्यांनी सांगितलेलं सगळं मी शब्दशः केलं: साखर भरपूर घाला, चिमूटभर यीस्ट घाला, छानशा काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि आठवडाभर फळीवर विसरून जा. 'विसरून जा' हे त्यांचेच शब्द. बाटली मात्र मला विसरू देणार नव्हती. भर दुपारी स्वयंपाकघरात असा आवाज झाला की शेजारच्यांनी दार वाजवलं. काचा डब्यांच्या मागे, पंख्याच्या पात्यावर, कुठे कुठे सापडल्या. नशीब, तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

बाईंना कळवलं तर उत्तर आलं, "तुमची बाटली हलकी असेल." एवढंच. वर्गाच्या गटातल्या एकाने हसणारे चेहरे पाठवले. दुसऱ्याने विचारलं की एवढ्या उपद्व्यापापेक्षा विकत का आणत नाही. आणखी एका जाणकारांनी साखर, यीस्ट, तापमान यांची उलटतपासणी घेतली आणि शेवटी "मी तुमच्या जागी असतो तर" असं म्हणून स्वतःच्या वाइनचे फोटो टाकले. अशा माणसांना आपली अडचण म्हणजे त्यांच्या भाषणाचा मंडपच वाटतो.

मग मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. मी सगळी कहाणी सांगितली आणि पुढच्या उलटतपासणीला तयार होऊन बसले. तुम्ही विचारलंत, "काचा उचलताना हाताला लागलं नाही ना गं?"

लागलं होतं. तर्जनीला. तोवर ते कोणाला सांगायची वेळच आली नव्हती.

पण माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट त्याच्याही पुढची आहे. तुमचा गुडघा दुखत असताना जिना चढून तुम्ही माझ्याकडे आलात. पिशवीत वजनकाटा असेल, थर्मामीटर असेल, निदान पाककृतीची वही तरी असेल असं मला वाटलं होतं. निघाली सोड्याची एक सीलबंद प्लास्टिकची बाटली. ती तुम्ही माझ्या नव्या, कालच भरलेल्या बाटलीशेजारी ठेवलीत. हीसुद्धा प्लास्टिकचीच, काच तुम्ही फोनवरच बंद करून टाकली होती. मग माझा अंगठा हातात धरून सोड्याच्या बाटलीच्या कुशीवर दाबलात. बाटली दगडासारखी कडक. तिथून उचलून माझ्या बाटलीवर दाबलात. ती हळूच आत गेली. "कळला फरक? ही तिच्यासारखी झाली की लगेच फ्रीज. घड्याळ बघायचं नाही, कॅलेंडर बघायचं नाही. सकाळ-संध्याकाळ अंगठा लावायचा."

बस्स. त्यापूर्वी मला मिळालेल्या प्रत्येक सल्ल्यात आकडा होता: इतके तास, इतके दिवस, इतके चमचे. माझं स्वयंपाकघर किती गरम, माझं यीस्ट किती ताजं, माझी डाळिंबं किती गोड, यातलं त्या आकड्यांना काही ठाऊक नव्हतं. यीस्ट गारठ्यात रेंगाळतं आणि उकाड्यात सुसाट सुटतं. एकाच्या घरी चार दिवस लागतात ते दुसऱ्याच्या घरी दीड दिवसात उरकतं. अंगठ्याला यातलं काही ठाऊक असायची गरज नसते, बाटलीच्या आत काय चाललंय ते त्याला थेट लागतं. तुमची बोटं थोडी थरथरत होती आणि माझा अंगठा तुम्ही बराच वेळ तसाच दाबून धरलात, जणू हे माझ्या हाडात उतरवूनच परत जायचं होतं. सीलबंद बाटली नेलीही नाहीत. "ठेव इथेच, फोडू नकोस. ही तुझी पट्टी."

मागाहून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. साखर पूर्ण आंबली की तिच्या वजनाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो आणि जवळपास तेवढंच अल्कोहोल. म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली तर २ ग्रॅम वायू. विकतच्या सोड्यात लिटरला ६ ते ८ ग्रॅम वायू असतो. वर्गातल्या पाककृतीत साखर होती लिटरला १०० ग्रॅम! ती सगळी आंबली असती तर ५० ग्रॅमच्या आसपास वायू कोंडला गेला असता. त्यातल्या थोड्याशानेच माझी बाटली फोडली. तेव्हा हलकी होती ती बाटली की पाककृती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे काही आज लागलेले शोधही नव्हेत. वाइनमध्ये साखर घातली की ती फसफसते हे ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रज डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे, मांडलं ते १६६२ साली. शॅम्पेनच्या तळघरांत बाटल्या इतक्या फुटत की कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. मग १८३० च्या दशकात फ्रान्समधल्या झाँ-बातिस्त फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने बाटलीत भरताना साखर किती असावी ते मोजायची रीत लिहून काढली आणि ही फूटतूट पुष्कळ कमी झाली. जवळजवळ दोनशे वर्षं होत आली. आणि आमच्या बाई सांगतात, विसरून जा.

तुम्ही हे असलं काहीच ऐकवलं नाहीत. मी हिशेब दाखवला तेव्हा चष्मा वर करून वाचलात आणि "बरोबर असेल, मला गणित येत नाही" म्हणालात. मावशी, हे वाक्य मी किती वर्षांनी ऐकलं! येत असलेलं सांगणारे ढिगाने भेटतात. येत नसलेलं असं सहज सांगून पुढच्या कामाला लागणारे फार थोडे. रानगुलाबाचं विचारलं तेव्हाही "मी कधी केलं नाही, उगाच सांगणार नाही" म्हणालात. म्हणूनच तुम्ही जे ठासून सांगितलंत त्यावर मी डोळे मिटून चालले: फुलवाल्याकडची फुलं फवारलेली असतात, ती घ्यायची नाहीत. कण्हेर विषारी, तिच्या आसपासही फिरकायचं नाही. गुलाबाच्या पाकळीचं बुडाचं पांढरं टोक कडू, ते खुडून टाकायचं. लिंबू चवीला तर हवंच, शिवाय आंबटात पाकळ्यांचा रंग खुलतो. बाटलीत वर चार बोटं जागा ठेवायची. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायची नाही, कारण थंड पाण्यात वायू जास्त मावतो आणि कोमट बाटली उघडली की सगळा एकदम बाहेर धावतो.

आणखी एक. तुम्ही विचारलंत, "घरात कोण कोण पिणार आहे?" प्रश्न साधा वाटला, म्हणून मी माणसं मोजायला लागले. तुम्ही म्हणालात, लहान मुलं असतील, कोणी गरोदर असेल, कोणी व्रत म्हणून किंवा औषधांमुळे दारू टाळत असेल, तर त्यांना आधी सांग. यात अल्कोहोल होतंच. बाटलीत फसफस भरण्यापुरती साखर आंबली तरी अर्धा ते एक टक्का धरून चालायचं, आधी बरणीत आंबवलं असेल तर त्याहून जास्त. फ्रीजमुळे यीस्ट मरत नाही, नुसतं सुस्तावतं, म्हणून फार दिवस ठेवूही नये. इतक्या लोकांनी या पेयाचं कौतुक केलं, 'नैसर्गिक', 'पोटाला बरं', 'मुलांनाही आवडेल', पण ही एक ओळ कोणाच्या तोंडातून निघाली नव्हती. पिणाऱ्याला आपण काय पितोय ते माहीत असावं, एवढीच साधी अपेक्षा. माझ्या भाच्यांसाठी मी तेच सरबत न आंबवता, वरून सोडा घालून केलं. त्यांना काडीचाही फरक पडला नाही. रंग गुलाबी होता, बुडबुडे होते, पोरं खूश.

मला आता एक खोड लागली आहे. कोणी अडचण सांगितली की उपाय तोंडावर येतो, तो मी दाताखाली धरते आणि आधी विचारते, तुला लागलं-बिगलं नाही ना. परवा ऑफिसात एकजण गाडी घसरल्याचं सांगत होता. बाकीचे टायरवर घसरले. मी कोपराचं विचारलं. त्याने बाही वर केली, आणि मग दहा मिनिटं आम्ही मलमपट्टीच शोधत होतो. याचं श्रेय तुमचं. पण हे तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही खुर्ची सरकवून उठला असतात, म्हणून इथे लिहितेय.

आणि हो, माझी बाटली कडक झाली तेव्हा रात्र बरीच झाली होती. तरी मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात. तुम्ही जाग्याच होतात ना? "नाही गं, झोपच लागत नव्हती" हे मला मुळीच पटलेलं नाही.

आता पुढचं. जास्वंदीचं करायचं मनात आहे. पण तिच्या पाकळ्या पाण्यात राहिल्या की बुळबुळीत तार सुटते. ती सरबतात उतरते का? उतरत असेल तर पाकळ्या गार पाण्यात थोडाच वेळ ठेवून काढून घेऊ, की फडक्यातून दोनदा गाळून भागेल? माहीत नसेल तर नेहमीसारखं "माहीत नाही" म्हणा, आपण दोघी मिळून एक बाटली वाया घालवू. फक्त या वेळी जिना तुम्ही चढायचा नाही, मी बरणी घेऊन तुमच्याकडे येते. कधी येऊ ते कळवा, आणि डॉक्टर गुडघ्याचं काय म्हणाले तेही.

तुमची,
मैत्रिणीच्या नावाखाली नंबर सेव्ह केलेली मुलगी